वाइन टूरला खुशाल जा, पण हृदयाचे निमित्त पुढे करू नका

युरोपच्या सहलींचा मोसम जवळ आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, फ्रान्सला चाललोय. तिथे द्राक्षमळ्यांच्या गावांतून वाइन चाखायची एक दिवसाची टूर घेतली आहे. छोटा ग्रुप आहे, आठच जण. रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?"

विचारणारे बहुधा साठीच्या आसपासचे असतात. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते संपवून आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी पैसे खर्च करत असतात. त्यांनी जरूर जावे. बरगंडीतली जेव्रे-शांबेर्तां, पोमार, मर्सो ही गावे किंवा अल्सासमधली रिकविर, एगिसहाइम ही लाकडी घरांची गावे पाहण्यासारखीच आहेत. माझे भांडण सहलीशी नाही, वाइनशीही नाही. भांडण आहे ते त्या शेवटच्या वाक्याशी: "हृदयाला चांगली असते ना?"

हे वाक्य टूरच्या जाहिरातीत असते, व्हॉट्सअॅपवर फिरते आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येते. ते खोटे आहे, आणि ज्यांच्या खिशात आधीच तीन-चार गोळ्यांची स्ट्रिप आहे त्यांच्यासाठी धोक्याचेही आहे.

ही कथा आली कुठून?

१९९१ साली अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' या कार्यक्रमात 'फ्रेंच पॅरॉडॉक्स'वर एक भाग दाखवला गेला. फ्रेंच लोक लोणी, चीज, मांस भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी कसे? उत्तर म्हणून लाल वाइनचा पेला दाखवला गेला. पुढच्या वर्षी सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्जेरिल या फ्रेंच संशोधकांचा याच विषयावरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. अमेरिकेत लाल वाइनचा खप झपाट्याने वाढला आणि एक निरीक्षण बघता बघता औषधाच्या चिठ्ठीसारखे वापरले जाऊ लागले.

त्या निरीक्षणाला पुढे अनेक भोके पडली. फ्रान्समध्ये हृदयविकाराचे काही मृत्यू दाखल्यावर दुसऱ्याच कारणाखाली नोंदले जात होते. रोज थोडी वाइन पिणारे लोक बऱ्याचदा सुस्थितीतले, चांगले खाणारे, वेळेवर डॉक्टरकडे जाणारे असतात. त्यांचे हृदय ठीक असण्याचे श्रेय पेल्याला का द्यायचे? शिवाय 'न पिणारे' म्हणून ज्यांच्याशी तुलना झाली, त्यांच्यात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही होते. आजारी माणसांशी तुलना केली तर कोणीही निरोगीच दिसणार.

मग रेझवेराट्रॉलचे काय? द्राक्षाच्या सालीतला हा पदार्थ वाइनमध्ये असतो, हे खरे. पण एका लिटरमध्ये तो जेमतेम काही मिलिग्रॅम असतो, आणि माणसांवरच्या प्रयोगांत त्याचे डोस अनेकदा शेकडो मिलिग्रॅमचे असतात. तेवढा तो वाइनमधून मिळवायचा तर पिंपे रिकामी करावी लागतील, आणि रेझवेराट्रॉलचा गुण येण्याआधी अल्कोहोल आपले काम उरकून जाईल.

२०१९ साली चीनमधल्या पाच लाखांहून अधिक लोकांचा मोठा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. काही लोकांच्या जनुकांतच अशी रचना असते की त्यांना दारू सोसत नाही, म्हणून ते जन्मभर कमी पितात. ही निसर्गानेच केलेली विभागणी वापरली, तेव्हा 'थोडी दारू पक्षाघातापासून वाचवते' हा समज टिकला नाही. दारू वाढली तसा रक्तदाब वाढला आणि पक्षाघाताचा धोकाही वाढला.

फ्रेंच लोक स्वतः काय करतात?

'फ्रेंच लोक रोज पितात, त्यांना काही होत नाही' असे म्हणणाऱ्यांनी फ्रान्सचेच आकडे पाहावेत. १९६० च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन प्यायली जात होती. आज ती त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. याच काळात फ्रेंच माणसाचे आयुर्मान वाढले. वाइन हे हृदयाचे औषध असते, तर औषध इतके कमी केल्यावर रोगी दगावायला हवा होता!

तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या अंदाजानुसार २०१५ साली दारूमुळे सुमारे ४१,००० मृत्यू झाले. त्यांतले सुमारे १६,००० कर्करोगाचे, आणि जवळजवळ १०,००० हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचे. होय, हृदयाचेच.

म्हणूनच १९९१ च्या एव्हां कायद्याने तिथे टीव्हीवर दारूची जाहिरात बंद केली आणि इतर जाहिरातींत आरोग्याचा इशारा सक्तीचा केला. बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा असतो. २०१७ पासून तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला असा आहे: आठवड्याला जास्तीत जास्त १० पेले, दिवसाला २ पेक्षा जास्त नाही, आणि काही दिवस अजिबात नाही. एक पेला म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, साधारण १०० मिलिलिटर वाइन. आणि ही आरोग्यासाठी प्यायची मात्रा नव्हे, नुकसान कमी ठेवण्याची मर्यादा आहे.

आपल्याकडे मात्र २०२२ साली सुपरमार्केटमधल्या वाइनविक्रीचा वाद पेटला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद जाहीरपणे झाला. लिव्हरला हा फरक कळत नाही. त्याच्याकडे पोहोचते ते इथेनॉल, मग ते द्राक्षाचे असो, उसाच्या मळीचे असो की मोहाचे.

आता टूरचा हिशेब करू

दिवसभराच्या टूरमध्ये समजा तीन तळघरांना भेट आहे. प्रत्येक ठिकाणी पाच वाइन, प्रत्येक वेळी ५० मिलिलिटर. घोट छोटे वाटतात. पण ३ गुणिले ५ गुणिले ५० म्हणजे ७५० मिलिलिटर, म्हणजे अख्खी बाटली. दुपारच्या जेवणातला पेला वेगळाच.

१३ टक्के अल्कोहोलच्या एका बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम अल्कोहोल असते. आपल्याकडच्या ३० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असते. म्हणजे जो गृहस्थ 'मी फक्त वाइन चाखली' म्हणतो, त्याच्या पोटात साडेसात पेगइतके अल्कोहोल गेलेले असते. फ्रेंच तज्ज्ञांनी दिवसासाठी सांगितलेल्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट! लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हातावेगळे करते. सकाळी दहाला सुरू झालेला हा कारभार रात्री हॉटेलमध्ये झोपल्यावरही चालूच असतो.

छोट्या ग्रुपची खरी अडचण इथेच आहे. पन्नास जणांच्या बसमध्ये तुम्ही प्यायलात की नाही, कोणी बघत नाही. आठ जणांत मळ्याचा मालक स्वतः पेला भरतो आणि तोंडाकडे बघत उभा राहतो. नाही म्हटले तर त्याचा अपमान होईल असे आपल्याला वाटते. त्यात आपला आणखी एक जुना गुण: पैसे भरलेत ना, मग वसूल करायचे.

पण चाखणाऱ्यांचा रिवाज उलटा आहे. टेबलावर किंवा कोपऱ्यात पिकदाणी ठेवलेली असते, ती शोभेसाठी नाही. वाइनचे जाणकार दिवसाला कित्येक वाइन चाखतात: वास घेतात, घोट तोंडात घोळवतात आणि थुंकतात. चव आणि वास तोंडा-नाकात कळतो, घशाखाली उतरल्यावर नाही. थुंकणाऱ्या पाहुण्याला तिथे कोणी असंस्कृत म्हणत नाही. थुंकूनही थोडे अल्कोहोल शरीरात जातेच, पण साडेसात पेग जात नाहीत.

खिशातल्या गोळ्या विसरू नका

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे नीट वाचावे. उपाशीपोटी साखर खाली जाऊ लागली की लिव्हर नवी साखर तयार करून रक्तात सोडते. अल्कोहोल आले की त्याचे हे काम मंदावते. मग संध्याकाळी किंवा रात्री झोपेत साखर एकदम घसरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसतात, आणि सोबतचे म्हणतात, "जास्त झाली, झोपू द्या." ही झोप जिवावर बेतू शकते.

मेटफॉर्मिन घेऊन भरपूर पिणे म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका. वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. झोपेच्या आणि काही अॅलर्जीच्या गोळ्यांची गुंगी दारूने वाढते. रक्तदाबाच्या गोळ्या किंवा जिभेखालची सॉर्बिट्रेट आणि वाइन एकत्र आली की उभे राहताना चक्कर येते, आणि तळघराचे दगडी जिने चक्कर येण्याची जागा नव्हेत. मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर वाइनला सरळ नाही म्हणा.

फॅटी लिव्हर, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स, पूर्वी झालेला स्वादुपिंडाचा दाह, हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा त्रास, गरोदरपण किंवा एकदा सुटलेले व्यसन यांपैकी काहीही असेल, तर चाखणेही नको. टूरवर मळे, तळघरे, गावे आणि जेवण उरतेच, आणि ते कमी नाही.

कर्करोगाचेही बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठे आतडे आणि स्तन या ठिकाणी धोका वाढतो; स्तनाच्या बाबतीत तर थोड्या प्रमाणातही. तंबाखू आणि दारू एकत्र आल्यावर तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. ज्या महाराष्ट्रात तंबाखू मळणारे हात आणि मिश्री लावणारी बोटे घरोघरी आहेत, तिथल्या माणसाला 'वाइन तब्येतीला चांगली' असे सांगणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

"पण डॉक्टर, आनंदाचे काय?"

हा आक्षेप रास्त आहे. प्रवास, गप्पा, नवी चव याने माणूस ताजातवाना होतो, मलाही ते मान्य आहे. तब्येत चांगली असलेल्या माणसाने वर्षातून एकदा बरगंडीत दोन पेले घेतले म्हणून मी त्याच्यावर डोळे वटारणार नाही. पण आनंदाला आनंद म्हणा. जिलेबी आपण आवडते म्हणून खातो, स्वादुपिंडाच्या भल्यासाठी खात नाही. वाइनलाच औषधाचा मुखवटा कशाला? मुखवटा चढवला की माणूस मात्रा विसरतो, आणि आयुष्यभर न प्यालेली व्यक्ती साठाव्या वर्षी 'हृदयासाठी' रोज पिऊ लागते. माझा राग या शेवटच्या गोष्टीवर आहे.

याच टूरमध्ये बोन गावातले ओतेल-द्यू पाहायला मिळेल. रंगीत कौलांची ही इमारत म्हणजे १४४३ साली निकोला रोलां यांनी गरिबांसाठी स्थापन केलेले रुग्णालय. त्याला लोकांनी द्राक्षमळे दान दिले आणि १८५९ पासून तिथल्या वाइनचा लिलाव होत आला आहे. गाइड सांगेल की जुन्या काळी वाइन औषधातही वापरत. खरे आहे. त्या काळी नस कापून रक्त काढणे हाही इलाज होता. त्या रुग्णालयाला वाइनने खरी मदत केली ती विकली जाऊन: तिच्या पैशांतून रुग्णसेवा चालली.

निघण्यापूर्वी एवढे करा

- सर्व गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटा आणि 'वाइन टूर आहे' हे स्पष्ट सांगा.
- उपाशीपोटी चाखू नका. सकाळी पोटभर नाश्ता करा, प्रत्येक ठिकाणी पाणी प्या.
- पिकदाणी कुठे आहे ते आधी विचारा. दिवसभरात गिळायची असेलच तर दोन पेल्यांपुरती.
- मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर जवळ ठेवा, झोपण्यापूर्वी साखर तपासा आणि सोबतच्यांना लक्षणे सांगून ठेवा.
- प्रवास विम्याच्या अटी वाचा. दारूच्या अमलाखाली झालेल्या दुखापतीचा दावा बहुतेक पॉलिसी नाकारतात.
- युरोपात आणीबाणीचा फोन क्रमांक ११२ आहे.

आणि परत आल्यावर कोणी "रेड वाइन हृदयाला चांगली ना?" असे विचारले, तर सांगा: हृदयाला चांगले होते ते त्या मळ्यांतले चालणे.