चार घासांचा हिशेब

२०१८ सालच्या मे महिन्यात, भाचीच्या केळवणाला, मी एक खोटे बोलले. त्याची ही कबुली आहे.

डोंबिवलीतले घर, बाहेर उकाडा, आत पंधरा-वीस बायका. नातेवाइकांना मी सहा महिन्यांनी दिसत होते आणि तेवढ्या काळात माझे वजन १०४ किलोंवरून ७९ किलोंवर आले होते. ब्लाउज आतून दोनदा आवळूनही खांद्यावरून उतरत होता. "अगं, अर्धी झालीस की! काय केलंस काय?" जी ती विचारत होती. माझ्या तोंडून निघून गेले, "काही नाही गं. साखर सोडली आणि रोज पाऊण तास चालते." बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणाले, "मनावर घेतलं की सगळं होतं." आज सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला बरे वाटले होते.

कोपऱ्यात माझी धाकटी मावसबहीण बसली होती. अंगाने माझ्यासारखीच, गुडघ्यांनी गांजलेली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने साखर सोडली आणि ती चालू लागली.

खरी गोष्ट अशी होती की, नोव्हेंबर २०१७ मध्ये शस्त्रक्रिया करून माझ्या जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकला होता. हे नवरा, मुलगा आणि सून यांनाच ठाऊक होते. बँकेत रजेच्या अर्जावर मी 'पोटाची शस्त्रक्रिया' एवढेच लिहिले. लोकांनी पित्ताचे खडे असावेत असे धरले. मी धरू दिले.

मी अशी का वागले, हे सांगायचे तर थोडे मागे जायला हवे. १९८२ साली बँकेत लागले तेव्हा माझे वजन ५० किलो होते, उंची पाच फूट एक इंच. पहाटे उठून पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे, गाडी गाठायची. संध्याकाळी लेजरची बेरीज जुळेपर्यंत चहा आणि बटाटेवडा. रात्री नऊला घरी जेवण आणि मागचे आवरताना उरलेले संपवणे. हे शेवटचे काम मला कुणी नेमून दिलेले नव्हते. अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, मुलाने ताटात ठेवलेली भाजी. अन्न टाकायचे नाही, ही शिकवण आईची. मग ते जायचे कुठे, हे तिने कधी बोलून दाखवले नाही. तीही तेच करत होती.

लोकलच्या बायकांच्या डब्यात तीन जणींच्या बाकावर चौथीने टेकायचे, असा अलिखित नियम आहे. मी बसलेली असले की चौथी येत नसे. एक नजर टाकून ती पुढच्या बाकाकडे जायची. तिथे कुणी वाईट शब्द बोलत नव्हते, आणि म्हणून मला उत्तरही देता येत नव्हते.

उपाय काय केले नाहीत? गरम पाणी-लिंबू, काकडी, एकवेळचे जेवण, व्यायामशाळेचे वर्षाचे आगाऊ पैसे. चार वेळा मी दहा-बारा किलो उतरवले आणि चारही वेळा ते व्याजासह परत आले. प्रत्येक वेळी मी स्वतःला एकच शब्द ऐकवला: अधाशी.

आज मला ठाऊक आहे की हा शब्द शरीरशास्त्रात बसत नाही. वजन उतरू लागले की शरीर त्याला दुष्काळ समजते. भूक वाढवते आणि खर्च कमी करते. त्यात आपल्या लोकांची घडण निराळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोघांचे एक छायाचित्र छापले होते. वजन आणि उंची यांच्या प्रमाणाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी दडलेली असू शकते. मग माझा ४३ हा आकडा काय सांगत होता, याची कल्पना करा.

त्या आकड्याने मी शस्त्रक्रियेकडे वळले नाही. वळले ती नवऱ्यामुळे. झोपेत माझा श्वास अडकत असे. घोरणे मध्येच थांबायचे आणि खोली एकदम शांत व्हायची. एका रात्री जाग आली तर हे पलंगाच्या कडेवर बसलेले, हात माझ्या खांद्यावर. "किती वेळ बसलाय?" मी विचारले. "रोजच बसतो. तुझा श्वास परत आला की झोपतो," ते म्हणाले. मधुमेह, रक्तदाब, इन्सुलिन हे सगळे मी सोसले होते. हे एक वाक्य मला सोसले नाही.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. पोटावर पाच छोटी छिद्रे. पिशवीसारखे जठर उभे कापून केळ्याएवढी नळी ठेवतात. यात जागा कमी होते, एवढेच नाही. भुकेची जाणीव करून देणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक १९९९ साली मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि तोच भाग या शस्त्रक्रियेत बराचसा जातो. चाळीस वर्षे संध्याकाळी सहाला हाक मारणारी भूक एका सकाळीत गप्प झाली. मला आपले कुणीतरी घरातून निघून गेल्यासारखे वाटले.

मग सुरू झाले दुसरे बाळपण. पहिले दोन आठवडे फक्त पातळ: गाळलेले वरण, ताक, मुगाचे कढण, तेही घोटघोट. नंतर मिक्सरमधून काढलेले, मग मऊ भात. त्याच सुमारास माझ्या नातीचे उष्टावण झाले. स्वयंपाकघरात दोन छोट्या वाट्या शेजारी शेजारी मांडलेल्या असत. नात माझ्यापेक्षा भराभर पुढे गेली. तिने पोळीचा तुकडा चघळायला घेतला तेव्हा माझ्या घशाखाली पोळी उतरत नव्हती. घाईने एक घास गिळला की तो छातीत अडकून बसे आणि मी मोरीत उभी राहून घाम पुसत असे.

जेवताना पाणी प्यायचे नाही, हा नियम मला सर्वांत जड गेला. जन्मभर पानाशेजारी तांब्या-भांडे पाहिलेले. आता पाणी अर्धा तास आधी किंवा नंतर. पानात आधी प्रथिने, म्हणजे डाळ, पनीर, अंडे. त्यानंतर भाजी, आणि जागा उरली तर भात. चार घासांना अर्धा तास लागे. ह्यांचे जेवण दहा मिनिटांत होई. पूर्वी ते हात धुऊन बातम्या लावायचे. आता खुर्चीत बसून राहत. काही बोलत नसत, पेपर वाचत. एका रात्री पातेल्यात भात उरला आणि मी सवयीने हात घातला. दोन घासांत पोट भरले, तिसरा हातात राहिला. ते उठले, पातेले फ्रीजमध्ये ठेवले आणि म्हणाले, "उद्यापासून भांडं लहान घेऊ." आमच्या संसारातली ही सर्वांत मोठी दुरुस्ती. पस्तीस वर्षे घरातले जास्तीचे अन्न माझ्या अंगावर जमा होत होते, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळू लागले. झपाट्याने वजन उतरले की असे होते आणि ते बहुधा परत येतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तरी न्हाणीघरात रडू यायचे ते आलेच. दंडाची आणि पोटाची कातडी सैल लोंबू लागली. साठीच्या जवळ आलेली कातडी विशीसारखी आवळत नाही. आणि संध्याकाळी सहाला, भूक नसतानाही, हात चिवड्याच्या डब्याकडे जातच राहिला. तेव्हा प्रथम मी स्वतःला विचारले की, इतकी वर्षे मी नेमके काय खात होते? दिवसभराचा शीण, साहेबाचे बोलणे, लोकलमधली ती नजर. जठर कापता येते, ही सवय कापता येत नाही. तिच्यासाठी मी वर्षभर समुपदेशकाकडे गेले.

आता सांगा, हा सोपा मार्ग आहे का? 'शॉर्टकट मारला' असे म्हणणारे भेटतात. मी कर्जखात्यात बावीस वर्षे काम केले आहे. कर्ज मंजूर होणे म्हणजे घर होणे नव्हे, हप्ते पुढे असतात. हे हप्ते तहहयात आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी. मुळात शाकाहारी माणसाला बी-१२ कमी पडते, त्यात जठर लहान. हाडे ठिसूळ होण्याचे वय आणि ही शस्त्रक्रिया एकत्र आली की कॅल्शियम टाळून चालत नाही. चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून चालण्यासोबत वजने उचलावी लागतात. गुडघ्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मला अधूनमधून आम्लपित्ताचा त्रास होतो, तो या शस्त्रक्रियेचाच वाटा. माझे वजन ६७ किलोंपर्यंत उतरले होते, आज ७२ आहे. शरीर आपला जुना हिशेब विसरत नाही.

आणि जमेची बाजू? इन्सुलिन महिन्याभरात बंद झाले, रक्तदाबाची एकच गोळी उरली. मी झोपते आणि हेही झोपतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो स्थूल रुग्णांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण न केलेल्यांपेक्षा कमी आढळले. म्हणून ती सर्वांनी करावी असे मुळीच नाही. धोके आहेत आणि वय व इतर आजार पाहूनच निर्णय होतो. २०२५ सालापासून आठवड्यातून एकदा टोचायची नवी इंजेक्शनेही आपल्याकडे आली आहेत. ती थांबवली की वजन बऱ्याच अंशी परतते, म्हणजे तिथेही हप्ते आहेतच.

पैशांचेही सांगते. माझ्या वेळी विमा कंपनीने 'हे सौंदर्यासाठी' असे कळवून दावा फेटाळला. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने नियम स्पष्ट केला. बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेतला तीव्र श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, इतर उपाय थकले असतील आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तर 'स्थूलतेची शस्त्रक्रिया' एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही. मात्र पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ आधी वाचावा.

आता पुन्हा मावसबहिणीकडे. २०१९ च्या जानेवारीत ती भेटली तेव्हा तिच्या गुडघ्याला पट्टा होता. आठ महिने चालून वजन तीन किलो उतरले होते आणि गुडघा सुजला होता. ती म्हणाली, "ताई, तुला जमलं. मला नाही जमलं. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

खोट तिच्यात नव्हती, माझ्या बोलण्यात होती. तरीही मी गप्प राहिले. तोंड उघडायला मला आणखी दोन वर्षे लागली. २०२१ च्या संक्रांतीला मी कल्याणला तिच्या घरी गेले आणि सगळे सांगितले. गोड बोलायच्या दिवशी खरे बोलले. ती बराच वेळ तिळगुळाची वाटी हातात धरून बसली. मग म्हणाली, "मग मला आठ महिने का चालवलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे तिने स्वतःच डॉक्टर गाठला. तिच्यासाठी वेगळे उपाय निघाले, शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. आमचे बोलणे चालू आहे, पण पूर्वी ती मला दर गोष्ट आधी सांगायची, तशी आता सांगत नाही. तो हिशेब अजून जुळलेला नाही आणि चूक माझ्या बाजूची आहे.

म्हणून आज रविवारी सगळे घर जेवायला एकत्र असताना तीन गोष्टी मागते. जाड माणसाला 'मनावर घे' म्हणू नका. त्याने ते तुमच्याआधी हजारदा घेतलेले असते. 'एवढंसंच?' म्हणून कुणाच्या पानात आग्रहाने वाढू नका. आणि जेवणानंतर पातेल्यात काय उरते आणि ते रोज कोण संपवते, एवढे एकदा पाहा.

गेल्या महिन्यात एका लग्नात पुन्हा तोच प्रश्न आला, "किती बारीक झालात हो! काय केलंत?" मी म्हणाले, "ऑपरेशन केलं. जठर कापलं." टेबलावर एकदम शांतता. कुणीतरी घाईने मठ्ठ्याची चौकशी केली. हात धुवायला गेले तेव्हा मागून एक बाई आली. चाळिशीची, घामाघूम, पदर नीट करत. तिने आजूबाजूला पाहिले आणि हळूच विचारले, "दुखतं का हो फार?"

आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. आत जिलेबी वाढून झाली, मंडळी पानाच्या विड्यांकडे वळली, तरी आमचे बोलणे संपले नव्हते.