सुई कोण बदलतो?



जनावरांच्या दवाखान्याबद्दल आपल्या बैठकांत दोनच तक्रारी निघतात. डॉक्टर भेटत नाही, आणि औषध बाहेरून आणायला लावतात. दोन्ही खऱ्या आहेत. पण २०२२ च्या भाद्रपदात लम्पीची लस टोचायला निघालेल्या दोन पथकांबरोबर मी हिंडलो, आणि तिसरीच गोष्ट ध्यानात आली.

पहिल्या पथकाचे साहेब लिंबाखाली खुर्ची टाकून रजिस्टर भरत बसले. परिचर एकच सुई घेऊन गोठ्यामागून गोठा करत गेला. लम्पी माशा, डास, गोचिडांनी पसरते तशी दूषित सुईनेही पसरते. म्हणजे रोग थांबवायला आलेला माणूसच तो घरोघर वाटण्याची शक्यता. मी विचारले तर म्हणाला, "सुया पुरत नाहीत." सुयांचा खोका गाडीत होता, फोडलेलासुद्धा नव्हता. त्या परिचराला मी दोष देत नाही. वरचा माणूस गोठ्यात पायच ठेवत नसेल, तर खालच्याने नियम कोणाकडे बघून पाळायचा?

दुसऱ्या गावी एक डॉक्टरीणबाई होत्या. पहिली दहा जनावरे त्यांनी स्वतः टोचली. दर जनावराला नवी सुई. आजारी जनावर दिसले की त्याला लस नाही, ते वेगळे बांधायला लावायचे. गोठ्यातून निघताना बूट जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचे. अकराव्या जनावरापासून परिचर आणि पर्यवेक्षक न सांगता तसेच करू लागले. भाषण एका ओळीचेही झाले नाही.

दुपारी डब्यातला बर्फ वितळला. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, नाहीतर टोचले काय आणि पाणी घातले काय, सारखेच. बाईंनी काम थांबवले. रांगेत १४ जनावरे उभी होती. लोक चिडले, खरे सांगायचे तर माझेही तोंड वाकडे झाले, कारण लोकांना जमवून आणले होते मी. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या हजर होत्या.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज इतरांना किरकोळ उपचार करू देण्याची सोय आहे, पण पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार. या देखरेखीचा अर्थ पुष्कळ ठिकाणी महिनाअखेरची सही एवढाच उरला आहे. मी शेतकीची पदवी घेतलेला माणूस. आमच्या खात्यातही तेच पाहिले, म्हणून पशुवैद्यकांनाच वेगळे काढत नाही.

बैल गेला तेव्हा सरकारने त्या साली २५ हजार रुपये दिले. चांगल्या जोडीतला एक बैल तेवढ्यात येतो का, हे बाजार करणाऱ्याला सांगायला नको. शिवाय बाजारच बंद होते. कपाशीत डवरे धरायच्या दिवसांत एकट्या बैलाचे करायचे काय? त्यामुळे सुई बदलली की नाही, हा आपल्या हंगामाचा प्रश्न आहे.

आता आपल्याविषयी, कारण बोट दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाही. त्याच दुसऱ्या गावात आपला एक कार्यकर्ता गल्लीगल्लीतून लोकांना हाका मारत होता, पण त्याची स्वतःची जोडी शेतात. लस टोचली की अंगात कसर येते, दोन दिवस डवरणी बुडते, म्हणून. लोक हे पाहत होते आणि आपलीही जनावरे मागे ठेवत होते. रात्री त्याच्या ओट्यावर बसून बोललो. वाद झाला, चहा झाला. सकाळी सहाला बाईंची गाडी आली तेव्हा पहिली जोडी त्याचीच उभी होती. त्यानंतर कोणाला हाक मारावी लागली नाही.

यंदा पावसाआधी घटसर्प आणि फऱ्याची लस यायला हवी. पथक येईल त्या दिवशी प्रत्येक शाखेचा एक माणूस गोठ्यात दोर धरायला असावा आणि पहिले जनावर त्याचे असावे. सुई बदलत नसतील तर तिथल्या तिथे नम्रपणे थांबवावे. नंतर अर्ज खरडत बसू नये. जिल्हा बैठकीला येताना मागच्या खेपेला गावात लस कोणत्या तारखेला आली, बर्फ होता का, आणि डॉक्टर गोठ्यात शिरले की झाडाखाली बसले, एवढे लिहून आणा.