प्राणहितेचे पाणी आणि समुद्राचे मीठ

समुद्राच्या पाण्यात मीठ किती, या मोजदादीशी चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशास काय कर्तव्य, असे कोणी विचारल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही. पर्लकोटेच्या पुराने ज्या भामरागडचा रस्ता पावसाळ्यात वारंवार बंद पडतो, तेथील माणसास समुद्र दूरचाच वाटणार. परंतु तो पूर जातो कोठे? इंद्रावतीतून गोदावरीत. वर्धा-वैनगंगेचे पाणीही प्राणहिता होऊन सिरोंच्यापाशी त्याच गोदावरीस मिळते, आणि हे सारे अखेर बंगालच्या उपसागरात उतरते.

सागराच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर पृष्ठभागी हे प्रमाण ३० च्याही खाली येते. यात मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा, हे खरे. गोदावरीचा त्यामानाने लहान. पण गोडे पाणी हलके. ते वर तरंगते, खालच्या खाऱ्या पाण्यात सहजी मिसळत नाही, आणि तो पातळ थर उन्हाने लवकर तापतो. अशा उबदार पाण्यावर पोसलेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा-छत्तीसगडवरून विदर्भाकडे येतात. आमच्या धानाची रोवणी पुष्कळदा त्यांच्याच भरवशावर असते.

चॅलेंजर जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरचे समुद्रजल बाटल्यांत भरून आणले. आज सुमारे चार हजार आर्गो तरंगयंत्रे दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून क्षारतेची वार्ता देतात. २०११ ते २०१५ या वर्षांत अ‍ॅक्वेरियस या उपकरणाने अंतराळातूनही ती टिपली. मात्र उथळ किनाऱ्यालगत या तरंगयंत्रांचा उपयोग बेताचा, आणि जमिनीच्या सान्निध्याने उपग्रहाची दृष्टी गढूळ होते. म्हणजे नदी जेथे समुद्रास मिळते, नेमका तेथेच नकाशा सर्वांत कच्चा!

ही उणीव काही अंशी नदीकडूनच भरून काढावी लागेल. केंद्रीय जल आयोग वैनगंगेवर आष्टी येथे व प्राणहितेवर टेकडा येथे प्रवाह मोजतो. ऐन पुरात, जंगलातील ठाण्यावर उभे राहून पाणी मोजणाऱ्या कर्मचाऱ्याची गणना समुद्रशास्त्रज्ञांत कोणी करीत नाही, आम्ही करतो. त्याच्या कामात काटकसर करणे आम्हांस मुळीच मान्य नाही. गोसीखुर्द धरणातून व मेडीगड्डा बंधाऱ्यातून सुटणाऱ्या पाण्याचे आकडे टेकडा येथील आकड्यांशेजारी मांडून हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राने ते क्षारतेच्या नकाशासह प्रसिद्ध करावेत, आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने ते मराठीत आणावेत, अशी आमची मागणी आहे.