कामाशिवाय चालणारी बाई

गेल्या उन्हाळ्यात अर्जुनी मोरगावच्या एका बचत गटाच्या बैठकीत मी सुचवलं, चार दिवस नुसतं चालू या. नवेगावबांधहून निघायचं, रोज वाटेतल्या एका गावी तिथल्या गटातल्या बाईकडे मुक्काम, शेवटी प्रतापगड. बाया हसल्या. एकीनं विचारलं, "पण कायले, मॅडम?" घरच्या पुरुषांचं उत्तर तर तयारच होतं: जंगल आहे, वाघ आहे.

वाघ खोटा नाही. विदर्भात मोहफुलं, तेंदूपत्ता गोळा करताना बायांचे जीव गेले आहेत. पण मोहफुलं वेचायला हीच बाई भल्या पहाटे जंगलात शिरते, तेव्हा तिला कोण अडवतं? कामाला जाताना जो धोका दिसत नाही, तो ती मजेनं निघाली की बरोबर दिसतो!

आल्प्समध्ये लोक दिवसेंदिवस असे चालतात. डोंगरातल्या विश्रामघरांत जेवण, अंथरूण मिळतं. पण तिथल्या बायांनाही ही वाट सहज मिळाली नाही. स्विस आल्पाइन क्लबनं १९०७ साली स्त्रियांना सभासदत्व नाकारलं. त्यांनी १९१८ मध्ये स्वतःचा क्लब काढला. दोन्ही एक व्हायला १९८० उजाडलं.

आणि आपण चळवळीतल्या? आपल्या शिबिरालाही विषय लागतो: आरोग्य, कायदा, बचत. मीसुद्धा संस्थेकडच्या अर्जात शेवटी 'अभ्यास दौरा' असंच लिहिलं. आपणच बाईच्या चार दिवसांचा हिशेब मागायचा, मग तिच्या सासऱ्याशी कोणत्या तोंडानं भांडायचं?

यंदा मी अर्जात 'भटकंती' लिहिणार आहे. मुक्कामाला ओसरी देणाऱ्या गटांनी कळवावं.