डॉलरचा फंडा

वेबसाइट बनवणाऱ्यांमध्ये दोन प्रकारची मंडळी असतात. प्लगिन शोधणारी आणि प्लगिन लिहिणारी. पहिल्यांची संख्या जाम मोठी! क्लायंटला होमपेजवर सरकते फोटो हवेत? सर्च मारा, डाउनलोड करा, चिकटवा आणि चहाला पळा. सगळं सही चाललेलं असतं. मग एक दिवस ते लिहिणारा अनोळखी बाबा अपडेट द्यायचं बंद करतो, आणि रविवारी ऑफिसात तुम्ही बसता, तो नाही.

जॉन रेझिगने २००६ मध्ये जेक्वेरी आणली, तेव्हा प्रत्येक ब्राउझरचे नखरे वेगळे होते. हे नखरे या लायब्ररीने स्वतःच्या अंगावर घेतले. वर एक खिडकीही उघडी ठेवली, डॉलर डॉट एफएन. तुमचं फंक्शन तिथे टांगलं की पानावरच्या कुठल्याही निवडलेल्या घटकावर ते चालवता येतं. बस्स, हेच प्लगिन! एवढ्याशा गोष्टीला लोक उगाच घाबरतात.

पण खाचाखोचा आहेत. फंक्शनच्या शेवटी ‘रिटर्न धिस’ लिहायलाच हवं. जेक्वेरीत एकामागून एक आज्ञा लोकलच्या डब्यांसारख्या जोडलेल्या असतात. तुम्ही रिटर्न विसरलात की कपलिंग तुटलं, मागचे डबे तिथेच. दुसरी भानगड खुद्द डॉलरची. प्रोटोटाइप नावाच्या लायब्ररीनेही हेच चिन्ह घेतलं होतं, त्यामुळे एका पानावर दोघी आल्या की मारामारी. म्हणून आपला सगळा कोड एका फंक्शनात गुंडाळायचा आणि जेक्वेरीला आत डॉलर म्हणून पाठवायचं. बाहेर काय वाट्टेल ते होवो. वर्डप्रेसच्या पानावर आजही नुसता डॉलर चालत नाही, तिथे हीच युक्ती कामी येते.

आता कुणी म्हणेल, जेक्वेरी कोण वापरतं यार? २०२१ मध्ये बूटस्ट्रॅप ५ नेही तिला रामराम ठोकला. खरंय. नव्या प्रोजेक्टसाठी मीही आग्रह धरणार नाही, कारण तिची बरीच कामं आता ब्राउझर स्वतःच करतात. पण जुन्या साइट्स ढिगाने चालू आहेत आणि त्यांची डागडुजी ऑफिसातल्या सगळ्यात ज्युनिअरच्याच गळ्यात पडते, हे काय सांगायला हवं?

माझी एक मैत्रीण ठाण्याच्या एका ऑफिसात नुसतं एचटीएमएल करायची. बटण जरा हलवायचं तरी डेव्हलपरच्या मागे मागे फिरायचं, आणि त्याचा मूड नसला की डेडलाइन हिची जाणार. वैतागून तिने एक छोटं प्लगिन लिहिलं. फॉर्ममध्ये टाइप करताना किती अक्षरं उरली ते दाखवणारं. जेमतेम पंधरा ओळी. मर्यादा आधी १६० होती. ती ऑप्शन म्हणून देता यावी यासाठी ती एक्स्टेंड शिकली. आता तोच डेव्हलपर तिच्या टेबलाशी येऊन म्हणतो, ‘ते तुझं काउंटर दे ना जरा.’

तुम्हीही काउंटरपासूनच सुरू करा. झालं की एकाच पानावर दोन चौकटी ठेवा आणि दोन्हींत टाइप करून बघा. कुठेही लिहिलं तरी एकच आकडा हलतोय? मग तुमचं व्हेरिएबल ‘ईच’च्या बाहेर राहिलंय. आत घ्या.