अमृततुल्य? कुणाच्या जिभेला?

दोस्तहो, पुण्यात चहाच्या दुकानांवर पाट्या असतात : अमृततुल्य. श्रीखंड जमलं की पाहुणा ढेकर देत म्हणतो, अगदी अमृत! शब्द गोड आहे. पण जरा सोलून बघा. अ-मृत. ज्यानं मरण टळतं ते. यात चव कुठाय? साखर मागाहून पडलीय.

आता त्यांचीच कथा घ्या. समुद्र घुसळायला एकटे देव पुरले नाहीत. वासुकीचा दोर केला आणि असुरांना तोंडाच्या बाजूला लावलं, जिथं विषारी फूत्कार अंगावर येतात तिथं. मी गोदीत दोर ओढतो. ओढताना हात सगळ्यांचेच सोलतात, हे मला पुराणानं शिकवायला नको. अमृत निघालं आणि पंगती पडल्या. वाढायला मोहिनी, म्हणजे विष्णूच. राहू देवांच्या पंगतीत घुसला, तर साला मुंडकंच उडवलं. म्हणजे अमृत कष्टानं मिळत नाही. तुम्ही कुठल्या पंगतीत बसलात, त्यावर मिळतं. हाच कायदा पुराणातून गावात उतरला. पाणवठा वेगळा, कपबशी वेगळी.

आपला शब्द दुसरा आहे. महाडच्या तळ्याचं नावच चवदार. तिथं गुरंढोरं पाणी प्यायची, आपल्या माणसांना बंदी. १९२३ मध्ये मुंबई कौन्सिलात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली. लगेच जेवत्या पानांवरच्या आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत गेलं. मग पंचगव्याच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' झालं. शेणमूत चाललं, आपली ओंजळ नाही! हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ मध्ये. एका ओंजळीला दहा वर्षं.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडातच बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हे पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, न पिता मेलोही नव्हतो. जायचं ते आपणही माणसं आहोत हे दाखवायला. अमृताचा सगळा बाजार तिथंच उठला.

तेव्हा कविता लिहिणाऱ्या पोरांनो, अमृत त्यांचं त्यांना लखलाभ. तुमच्या ओळीत चव आणायची असेल तर 'चवदार' लिहा. या शब्दासाठी डोकी फुटलीत. आणि त्या पाण्याची पंगत कुणालाही उठवत नाही.