शेत नसलेल्यांची येळवस

२०२४ मध्ये इंग्रजी वर्ष एक, पण वेळ अमावस्या दोन! एक ११ जानेवारीला होती, दुसरी ३० डिसेंबरला. आमच्या लातूरकडे तिला येळवस म्हणतात. इथल्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी विचारतात, "म्हणजे काय गं?" आणि माझ्यातली शाळेतली बाई लगेच जागी होते.

तर मंडळी, मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, धाराशिव, सोलापूर भागात उभ्या पिकाची पूजा होते. शेजारच्या कर्नाटकात हीच एळ्ळ अमावस्या. कन्नडमध्ये एळ्ळू म्हणजे तीळ. शेतात कडब्याची कोप उभी करतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात. ते पांडव. घरच्या बायका रात्रभर जागून स्वयंपाक करतात. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली अंबिल, वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत! तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, गाजर, वांगी, मेथी, चिंच-गूळ असं सगळं बेसनात शिजवलेलं असतं. पूजेनंतर अंबिल पिकावर शिंपडतात. आजी म्हणायची, "ज्वारी पोटऱ्यात आलीय, पोटुशी बाईच ती. तिचं डोहाळजेवण करायला नको?"

सुगीचे बहुतेक सण धान्य हाती आल्यावरचे. येळवस त्याआधीची. पीक अजून रानात आहे, गारपीट होईल, भाव पडेल, काहीच ठाऊक नाही; तरी मातीला आधी जेवू घालायचं.

याचा अर्थ मला २०१६ च्या जानेवारीत कळला. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, म्हणजे बघा. आमची ज्वारी गुडघ्यालाही लागत नव्हती. मी आईला म्हटलं, "यंदा कशाला? पूजा करायला आहे काय रानात?" आई अंबिल घुसळत होती. म्हणाली, "वाळलेल्या लेकराला कुणी उपाशी ठेवतं का?" मी गप्प बसले.

आणि येळवसचा दुसरा नियम: ज्याला शेत नाही, त्यालाही त्या दिवशी शेत असतं. लातूर शहर ओस पडतं, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. भाडेकरू, मास्तर, दुकानदार कुणा ना कुणाच्या रानात जेवतात. वाटेवरून जाणाऱ्यालाही हाक मारतात.

सिंगापूरला आल्यावर मी त्या बिनशेतवाल्यांत जमा झाले. इथलं नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं; माझ्या मुलाला ज्वारी फक्त पाकिटातली माहीत. २०२४ च्या जानेवारीत ११ तारखेला मी काहीच केलं नाही. टेक्का मार्केटला जायचा कंटाळा केला, आईला फोनही उशिरा केला. तिचा आवाज पडलेला होता. भाऊ म्हणाला, "ताई, आता सगळीकडे सोयाबीन नि हरभरा. कोपेला कडबा विकत आणला."

चारच दिवसांनी पोंगल. शेजारच्या तमिळ पाटींनी दार वाजवलं. त्यांच्या स्वयंपाकघरात हळदीचं रोप बांधलेलं पातेलं होतं. दूध उतू जाताच सगळे ओरडले, "पोंगलो पोंगल!" माझा मुलगा सगळ्यांत मोठ्याने. पाटींचंही इथे शेत नाही, जन्मच सिंगापूरचा. तरी त्यांनी वाटेवरच्याला हाक मारली होती. वाटी घेऊन घरी आले आणि मला माझीच लाज वाटली. शेत नाही म्हणून मी सण सोडला होता. पण हाक मारायला शेत कुठे लागतं?

म्हणून यंदा ठरवलंय. ओली तूर फ्रोजन मिळेल, कोप पुठ्ठ्याची होईल, पांडव मुलगा रंगवणार आहे. अंबिल पॅसेजमधल्या कढीपत्त्याच्या कुंडीत शिंपडू. पाटींना आमंत्रण गेलंय. आईला व्हिडिओ कॉलवर पूजा सांगायची आहे. ती आतापासूनच विचारतेय, ताक आंबट आहे ना?

तुम्हीही या. येताना भांडं आणा, भज्जी उरतेच.